नळ, शिफ्ट आणि मोबाइल सांभाळून प्रार्थनेला जागा कशी करायची

नव्याने विश्वासात आलेल्या माणसाला मंडळीत पहिला सल्ला मिळतो तो असा: पहाटे पाचला उठा आणि तासभर प्रार्थना करा. सोमवारी उठणं होतं. मंगळवारीही होतं. बुधवारी साडेचारलाच नळ येतात आणि हंडे, बादल्या, ड्रम भरण्यातच उजाडतं. गुरुवारी पाव्हणे. शुक्रवारी उठलं तरी डुलक्या लागतात, आणि शनिवारी माणूस मनाशी म्हणतो की आपल्यात काही ती निष्ठा नाही. निष्ठा असते हो. बांधणी चुकलेली असते.

मराठवाड्यात फार थोड्या लोकांचं घड्याळ त्यांच्या स्वतःच्या हातात आहे. शहरात काही दिवसांआड सुटणारं पाणी, शेतात रात्रीची लाइट, वाळूजच्या कंपनीत फिरती शिफ्ट, ऊसतोडीच्या फडात मुकादमाची हाक. वेळ दुसराच कुणी ठरवतो. म्हणून खालची सगळी रीत एकाच गोष्टीवर उभी आहे: प्रार्थना घड्याळाला बांधू नका, रोज होणाऱ्या कामाला बांधा.

सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट, कॅथलिक, पेंटेकॉस्टल, कुठल्याही मंडळीतल्या माणसाला हे चालेल. कुणी उपासना म्हणतं, कुणी मिस्सा. कुणाचे पाळक, कुणाचे फादर. जिथे फरक पडतो तिथे तसं लिहिलं आहे.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- छापील बायबल. मराठीत जुन्या भाषेचं, सुधारित भाषेचं आणि सोप्या भाषेचं अशी वेगवेगळी भाषांतरं मिळतात. तुमच्या मंडळीत जे वाचतात तेच घ्या, नाहीतर रविवारी वाचन चालू असताना तुमचं बोट भलत्याच ओळीवर राहील. कॅथलिकांच्या बायबलमध्ये ७३ पुस्तकं असतात आणि प्रॉटेस्टंटांच्या ६६, तेव्हा विकत घेताना विचारून घ्या. अक्षर मोठं निवडा. लाइट गेल्यावर बॅटरीच्या उजेडात बारीक अक्षर वाचून बघा म्हणजे कळेल का ते.
- गीतांचं पुस्तक. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत बहुतेक ठिकाणी ‘उपासना संगीत’ चालतं. कॅथलिक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) फादरांना किंवा सिस्टरांना विचारा.
- १०० पानी वही आणि पेन.
- गजराचं साधं घड्याळ. हा खर्च टाळू नका, कारण पुढे मोबाइलच्या पायरीवर कळेल.
- एक सतरंजी किंवा स्वच्छ धुतलेलं पोतं.
- बाप्तिस्म्याचा दाखला आणि दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याचा विधी) झालं असेल तर त्याचा दाखला, प्रत्येकी दोन झेरॉक्ससह. प्रार्थनेला कागद लागत नाहीत, पण गाव बदलताना लागतात. ते शेवटी आहे.

१. आधी तीन दिवस नुसतं लिहून काढा

काहीही बदलू नका. वहीच्या पहिल्या तीन पानांवर तीन दिवसांचा दिनक्रम लिहा: उठलो, चहा, नळ, भाकरी, डबा, बस, जेवण, मोबाइल, झोप. किती वाजता झालं ते लिहा, पण खरं बघायचं ते दुसरंच आहे. तिन्ही दिवस न चुकता झालेली कामं कोणती? त्यांच्याभोवती गोल करा.

बहुतेकांच्या वहीत गोल पडतात ते चारच: सकाळचा पहिला चहा, अंघोळ, डबा उघडणं, अंथरूण टाकणं. वेळ रोज वेगळी, पण काम रोज होतंच. नळाभोवती गोल पडत नाही. शिफ्टची बस सुट्टीच्या दिवशी नसते, तिच्याभोवतीही नाही.

मोबाइल किती वेळ हातात होता हे आठवून लिहू नका, हमखास कमी लिहिलं जातं. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ उघडा. तिथे रोजचे तास-मिनिटं आणि कुठल्या अ‍ॅपवर किती गेली, सगळं दिसतं. तोच आकडा वहीत उतरवा.

२. खुंटी निवडा

गोल केलेल्या कामांपैकी एक काम म्हणजे तुमची खुंटी. प्रार्थना तिला टांगायची. एकच निवडा, पहिल्याच दिवशी तीन नकोत.

खुंटीचे नियम तीन. काम रोज होणारं हवं, सणासुदीलाही. ते तुमचं स्वतःचं हवं. ‘पोरं शाळेत गेली की’ ही खुंटी नव्हे, कारण शाळेला सुट्टी लागते आणि पोराला तापही येतो. आणि प्रार्थना त्या कामाच्या आधी करायची, नंतर नाही. इथेच बहुतेकांचं फसतं. ‘चहा झाला की बसू’ म्हटलं की चहाच्या कपाबरोबर मोबाइल हातात येतो आणि मग कशाचं बसणं. गॅस पेटवण्याआधी बसलात तर चहा स्वतःच तुम्हाला लवकर बसवतो.

कामानुसार काही खुंट्या:

फिरत्या शिफ्टवाल्यांनी डबा उघडण्याआधीची दहा मिनिटं धरावीत. पहिली, दुसरी, तिसरी, कुठलीही पाळी असो, डबा उघडतोच, आणि सुट्टीच्या दिवशी तीच खुंटी घरच्या ताटाला लागते. कँटीनमध्ये गोंगाट असतो, तेव्हा लॉकरपाशी किंवा पार्किंगमध्ये उभ्यानेही चालतं. तिसऱ्या पाळीहून सकाळी घरी आल्यावर ‘आधी प्रार्थना, मग झोप’ असा हट्ट धरू नका. डोळे मिटले की पुढचं अक्षर आठवत नाही. गेथशेमाने बागेत शिष्यांनाही तासभर जागता आलं नव्हतं, आणि त्यांनी रात्रभर लेथ मशीन चालवलेली नव्हती.

रात्री पाणी द्यायला जाणाऱ्यांना वेगळी खुंटी लागत नाही. एक वाफा भरून दुसऱ्याचं दार मोडेपर्यंत मधे निवांत वेळ मिळतो. बांधावर बसून मोबाइलवर गाणी ऐकण्याऐवजी पाठ असलेलं एक स्तोत्र म्हणा. २३वं सहा वचनांचं आहे, १२१वं आठ. दोन्ही आठ-पंधरा दिवसांत पाठ होतात. पुस्तक शेतात न्यायची गरज नाही, चिखलात पडून खराबच व्हायचं.

घरातल्या बाईची खुंटी निवडणं सगळ्यांत अवघड, कारण तिचं प्रत्येक काम कुणाच्या तरी हाकेने मधेच तुटतं. इथे दोन गोष्टी चालतात. एक, पिठाचा गोळा मळण्याआधी तव्यासमोर उभ्यानेच प्रार्थना. दुसरी, ओट्याच्या वरच्या भिंतीवर आठवड्याचं एक वचन. मोठ्या अक्षरात लिहायचं, वहीच्या पारदर्शक कव्हरचा तुकडा कापून त्यात घालायचं आणि चारही कडांना चिकटपट्टी. उघडा कागद चार दिवसांत वाफेने वाकडा होतो आणि फोडणीच्या तेलाने पिवळा. दहा भाकरी थापेपर्यंत ते वचन दहा वेळा डोळ्यांखालून जातं, रविवारपर्यंत पाठ. लूकच्या १०व्या अध्यायातला मार्था-मरीयेचा उतारा (मार्था कामात गुंतते, मरीया प्रभूच्या पायाशी ऐकत बसते) बायकांना टोमणा मारायला वापरणारे पुष्कळ आहेत. बायकोला दहा मिनिटं मिळावीत असं खरंच वाटत असेल, तर नळ आले की हंडे नवऱ्याने भरावेत.

लातूरला क्लाससाठी राहणाऱ्या पोरापोरींनी मेसच्या ताटाआधी किंवा पहिलं पुस्तक उघडण्याआधी. रात्री झोपताना ठेवलं तर प्रार्थनेचं रूपांतर उद्याच्या टेस्टच्या धास्तीत होतं.

ही काही नवी पद्धत नाही. दानिएल दिवसातून तीन वेळा प्रार्थना करत असे (दानीएल ६:१०), आणि पेत्र-योहान मंदिरात गेले ते ठरलेल्या प्रार्थनेच्या वेळी (प्रेषितांची कृत्ये ३:१).

३. जागा ठरवा

मत्तय ६:६ मध्ये खोलीत जाऊन दार लावून घ्यायला सांगितलं आहे. दहा बाय दहाच्या पत्र्याच्या खोलीत सहा माणसं राहत असतील तर कुठलं दार लावणार? मग जागेऐवजी वस्तू ठरवा. ती सतरंजी. ती फक्त याच कामाला वापरायची, दाराच्या खिळ्याला अडकवून ठेवायची, आणि अंथरली की तोंड भिंतीकडे करून बसायचं. आठ-दहा दिवसांत घरच्यांना कळतं की सतरंजी खाली आहे तोवर हाक मारायची नाही. तोंड उंबऱ्याकडे केलंत तर येणारा-जाणारा प्रत्येक जण बोलणार.

एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पत्र्याखाली बसू नका. दहा मिनिटांत घामाच्या धारा लागतात आणि सगळं लक्ष उकाड्यात जातं. दुपारची खुंटी असेल तर उन्हाळ्यापुरती ती संध्याकाळी न्या. अंगणात, गच्चीवर, लिंबाखाली.

४. दहा मिनिटांत काय करायचं

पहिला महिना दहाच मिनिटं. जास्त वेळ बसावंसं वाटलं तरी उठा. ही कंजुषी मुद्दाम आहे: पहिल्या आठवड्यात पाऊण तास बसणारा माणूस तिसऱ्या आठवड्यात दहा मिनिटांना ‘एवढ्याने काय होतं’ म्हणून सोडून देतो.

एक मिनिट गप्प. चार मिनिटं वाचन, ओठ हलवून, स्वतःला ऐकू येईल इतक्या आवाजात. मनातल्या मनात वाचलं की डोळे पुढे पळतात आणि डोकं मागे राहतं. एक मिनिट वहीत एक ओळ: तारीख, अध्याय आणि कुठल्या शब्दापाशी थांबावंसं वाटलं तो शब्द. तीन मिनिटं प्रार्थना. शेवटी प्रभूची प्रार्थना (‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’) सावकाश.

प्रार्थनेच्या तीन मिनिटांत काय बोलायचं हे नव्या माणसाला सुचत नाही, आणि मग मंडळीतल्या वडीलधाऱ्यांचे मोठमोठे शब्द उसने घेतले जातात. घेऊ नका. रोज तीन नावं घ्या: एक घरातलं, एक कामावरचं, एक ज्याच्याशी पटत नाही त्याचं. नावापुढे एकच गरज, घरी बोलतो त्या भाषेत. ‘सोयाबीनला भाव मिळू दे’ ही पूर्ण प्रार्थना आहे.

५. वाचन कुठून सुरू करायचं

उत्पत्तीपासून नको. हिशोब करून बघा. उत्पत्तीचे ५० अध्याय, निर्गमाचे ४०. १ जानेवारीला रोज एक अध्याय सुरू केला तर ९१व्या दिवशी, म्हणजे १ एप्रिलला, लेवीय समोर येतं: होमार्पण, अन्नार्पण, चरबी कुठली जाळायची. बाहेर ऊन चढलेलं, लग्नसराई तोंडावर. ‘यंदा पूर्ण बायबल वाचायचं’ हे संकल्प मोडण्याचं गाव हेच.

मार्कपासून सुरू करा. १६ अध्याय, १६ दिवस. यात १४वा ७२ वचनांचा आहे, चार मिनिटांत होत नाही. ३१व्या वचनापाशी तोडा आणि दुसऱ्या दिवशी गेथशेमानेच्या प्रसंगापासून, ३२व्यापासून घ्या. म्हणजे १७ दिवस. पहिल्याच अध्यायात ३५वं वचन वाचताना पुढची दोनही वाचा. प्रभू अंधारातच उठून एकांतात प्रार्थनेला गेला, आणि लगेच शिमोन व त्याचे सोबती शोधत आले, सगळे तुला शोधत आहेत म्हणून. हाक मारणारे तेव्हाही होते.

मार्कनंतर लूक (२४), मग प्रेषितांची कृत्ये (२८). हे झाल्यावर सगळा नवा करार हाती घ्या. त्याचे अध्याय २६०; आठवड्यात पाच दिवस, दिवसाला एक, तर बरोबर ५२ आठवडे. शनिवार राहिलेलं भरून काढायला आणि रविवार मंडळीबरोबर ऐकायला मोकळा. ही विभागणी नव्या माणसाला सर्वांत झेपते, कारण तिच्यात चुकायला जागा ठेवलेली आहे.

सोबत नीतिसूत्रे वाचणारे पुष्कळ आहेत. अध्याय ३१, जी तारीख तो अध्याय. खूण ठेवायचीही गरज नाही.

मधे आठवडा बुडाला तर? मागचं भरून काढायला बसू नका. वहीत तेवढ्या तारखांपुढे आडवी रेघ मारा आणि राहिलेल्या अध्यायापासून, रोजच्याइतकंच, पुढे चला. ऊसतोडीसाठी आगाऊ घेतलेल्या उचलीसारखं प्रार्थनेचंही देणं डोक्यावर घेतलं की माणूस वहीच उघडायला घाबरतो.

६. मोबाइलचा बंदोबस्त

बायबल मोबाइलवर फुकट मिळतं, मराठीत, वाचून दाखवणारं ऑडिओसुद्धा. बसमध्ये, ट्रॅक्टरवर, दळणाच्या रांगेत ऑडिओ ऐका, उत्तम आहे. खुंटीच्या दहा मिनिटांत मात्र छापील पुस्तकच. वाचता वाचता वरून ‘भिशी ग्रुप’ची पट्टी खाली घसरते आणि बोट आपोआप तिकडे जातं.

आता गजराचं घड्याळ का ते. मोबाइलचा गजर बंद करायला मोबाइल हातात घ्यावा लागतो, आणि सकाळी हातात आलेला मोबाइल चहापर्यंत सुटत नाही. घड्याळ उशाशी, मोबाइल दुसऱ्या भिंतीच्या चार्जिंगला.

‘गावी आई-वडील आहेत, रात्री-अपरात्री फोन आला तर?’ हे कारण खरं आहे, आणि त्यावर उपायही आहे. ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू करा. त्याच्या कॉलच्या पर्यायात फक्त तारांकित नंबरांना परवानगी द्या आणि आई, वडील, भाऊ यांच्या नावांना तारा लावा. खाली ‘पुन्हा फोन करणारे’ असा पर्याय असतो, तोही चालू ठेवा. मग एकाच माणसाने १५ मिनिटांत दुसऱ्यांदा फोन केला तर रिंग वाजते. घरच्यांना एकदा सांगून ठेवा: तातडीचं असेल तर लागोपाठ दोनदा लावा.

रील्ससाठी डिजिटल वेलबीइंगमध्येच अ‍ॅपची मर्यादा लावता येते. पहिल्या पायरीत लिहिलेल्या आकड्याच्या निम्मी लावा. एकदम १५ मिनिटं लावली की दोन दिवसांत तुम्हीच ती काढून टाकता.

आणखी एक सापळा, जो सापळा वाटत नाही. सकाळी उठून गुलाबाच्या फुलावर छापलेली वचनं बारा ग्रुपांत पुढे ढकलणं, आणि रात्री प्रवचनांचे व्हिडिओ एकामागून एक आपोआप चालू राहणं. दोन्हींत दिवसभर देवाधर्माचंच चाललंय असं वाटतं आणि वही कोरी राहते. प्रवचन ऐकायचं तर आठवड्यात एक, वहीत दोन ओळी लिहून.

उपवासकाळ हा मोबाइलची सवय मोडायला चांगला मुहूर्त आहे. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत ४६ दिवस होतात, त्यातले सहा रविवार वगळले की ४०. २०२७ मध्ये राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला आणि ईस्टर २८ मार्चला आहे. बोर्डाच्या परीक्षाही याच सुमारास असतात, म्हणून दहावी-बारावीच्या पोरांनी जेवणाचा उपवास धरण्याऐवजी रील्सचा धरावा. कॅथलिक नियमातही उपवास १८ वर्षं पूर्ण झाल्यावरच लागू होतो.

७. मन भटकतं, त्याचं काय

भटकणारच. डोळे मिटले की आठवतं: गॅसचा नंबर लावायचा राहिला, पोराची फी, कापसावरचं औषध, भाच्याच्या लग्नाचा आहेर. हे विचार दाबायला गेलं की जास्त जोराने येतात. वहीत एक जुना लिफाफा ठेवा. विचार आला की डोळे उघडून लिफाफ्याच्या पाठीवर दोन शब्द लिहा, ‘गॅस’, ‘फी’, आणि परत डोळे मिटा. कागदावर गेलेली गोष्ट डोकं सोडून देतं. दहा मिनिटांनी तो लिफाफा म्हणजे दिवसाच्या कामांची आयती यादी.

आठवडाभर एकच शब्द रोज येत असेल, समजा ‘हप्ता’, तर तो अडथळा समजू नका. त्या दिवशी तीन नावं बाजूला ठेवा आणि हप्त्याचंच बोला.

८. घरातली एकत्र प्रार्थना

स्वतःची खुंटी महिनाभर टिकल्यावरच हे सुरू करा. स्वतः न करणाऱ्याने घराला बसवलं की पोरं तिसऱ्या दिवशी ओळखतात.

रात्रीच्या जेवणाआधी, बारा मिनिटांत. जेवणानंतर लहानगी पेंगतात आणि मोठ्यांची सीरियल सुरू होते. एक गीत, दोनच कडवी. मग पाच ते दहा वचनं, प्रत्येकाने दोन-दोन वाचायची. अडखळणाऱ्या पोराला मधे दुरुस्त करू नका. मग प्रत्येकाने आज काय बरं झालं ते एक वाक्यात सांगायचं. मग एकानेच प्रार्थना, रोज वेगळ्याने.

गीताची चाल येत नसेल तर भजनं-अभंगांपासून सुरुवात करा. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भक्ती अभंग-ओवीच्या वळणात आणली. जात्यावरच्या ओव्या आणि हरिपाठ ऐकत वाढलेल्या कानाला ती पेटीशिवाय, नुसत्या टाळीवर येते.

इथली मोठी चूक वडिलांची असते, कधी आईचीही. ‘हे परमेश्वरा, याला अभ्यासाची बुद्धी दे, हा दिवसभर मोबाइल बघतो, आईला उलट बोलतो...’ ही प्रार्थना नाही, देवाला साक्षीला बसवून केलेली खरडपट्टी आहे. पोरगं डोळे मिटून ऐकतं आणि दुसऱ्या दिवशी बरोबर त्याच वेळी त्याला बाहेर काम निघतं. रागवायचं असेल तर दुपारी रागवा.

९. रविवारची तयारी शनिवारी

रविवारी उपासना का बुडते याची कारणं विचाराल तर मोठी मोठी सांगितली जातात. खरी कारणं लहान असतात: शर्टाला इस्त्री नाही, गाडीत पेट्रोल नाही, दळण संपलं, आणि मटण. रविवारी सकाळी मटणाच्या दुकानावर रांग लागते, नेमकी उपासनेच्या वेळेला. घरातला एक माणूस पिशवी घेऊन तिकडे अडकतो आणि मग सगळ्यांचंच राहतं. मटण संध्याकाळी करा. दुपारी परत येताना घ्या, सकाळच्याला वरण-भात.

शनिवारी रात्री: कपडे, दळण, पेट्रोल, दानाचे सुटे पैसे पिशवीत वेगळे. दहा मिनिटांचं काम.

ड्युटी असेल तर काय? कॅथलिकांना शनिवारी संध्याकाळचा मिस्सा रविवारचं कर्तव्य म्हणून चालतो, जवळच्या धर्मग्रामात कुठे असतो ते विचारून ठेवा. इतर मंडळ्यांत आठवड्यात एखादी घरगुती प्रार्थना असते. रविवार गेलेल्या आठवड्यात ती चुकवू नका. प्रभुभोजन (भाकर-द्राक्षारसाचा विधी) कुठल्या रविवारी असतं ते आधी कळलं तर सुपरवायझरशी तेवढ्या एका दिवसाची बदली महिनाभर आधी ठरवता येते. आदल्या दिवशी मागितलेली बदली मिळत नाही. क्लासची टेस्ट रविवारी असेल तर तिच्याशी भांडू नका, संध्याकाळची उपासना शोधा.

१०. सणवार आणि नातेवाईक

घरात तुम्ही एकटेच विश्वासात आला असाल तर हे ठिकाण जपून ओलांडायचं. लग्नात जा, पाणी वाढा, मांडव घाला, मयताला खांदा द्या. जे करणार नाही ते आधी शांतपणे, कार्याच्या आठवडाभर अगोदर, घरातल्या एका मोठ्या माणसाला सांगा. ऐन पूजेच्या वेळी ‘मी हात जोडणार नाही’ म्हटलं की सासूबाईंचा चार लोकांत अपमान होतो, आणि पुढची दहा वर्षं त्या घरात येशूचं नाव त्या अपमानाबरोबरच घेतलं जातं. प्रसादाबद्दल मंडळ्यांची मतं वेगळी आहेत. १ करिंथ ८वा अध्याय आणि रोमकरांस १४वा वाचून आपल्या पाळकांशी बोला. घरात सतरंजीवरून वाद होत असेल तर सतरंजी गुंडाळा आणि पाठ असलेलं स्तोत्र कामात म्हणा.

११. पैसा मागणारे आणि औषध सोडायला सांगणारे

दान द्या, पण व्याजाने काढून नाही. दशमांश देता येत नसेल तर ठरलेली छोटी रक्कम, दर महिन्याला, मंडळीत, जमेल तिथे पावती घेऊन. ‘इतके पाठवा, दसपट परत येईल’ असं मोबाइलवरून सांगणाऱ्या अनोळखी माणसाला एक रुपयाही देऊ नका.

आणि बरं होण्यासाठी प्रार्थना करणारा गोळ्या बंद करायला सांगत असेल तर त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. टीबीचं औषध साधारण सहा महिने पूर्ण घ्यावं लागतं. मधे सोडलं तर आजार उलटतो आणि तेच औषध पुढे लागू पडेनासं होतं. बीपी, शुगर, फिट यांच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका. गोळी घेऊन प्रार्थना करा.

१२. गाव सोडताना

कामासाठी गाव सुटलं की विश्वास सुटतो, हे मराठवाड्यात नेहमी घडतं. जालना-बीडचा माणूस पुण्याला गेला की पहिले सहा महिने ‘चर्च शोधतोय’ म्हणतो आणि मग म्हणतही नाही.

निघण्याच्या पंधरा दिवस आधी पाळकांकडून किंवा फादरांकडून सभासदत्वाचं पत्र घ्या: नाव, बाप्तिस्म्याची तारीख, मंडळीचं नाव, सही-शिक्का. आयत्या वेळी पाळक दौऱ्यावर असतात. नव्या शहरात पोचल्यावर पहिल्याच रविवारी ते पत्र घेऊन जा आणि उपासना संपल्यावर हातात द्या, पेटीत टाकून येऊ नका. त्या पत्रामुळे तुमचं नाव यादीत चढतं, आणि यादीत नाव असलेला माणूस दोन रविवार दिसला नाही तर कुणीतरी विचारतं. पुढे लग्न, मुलांचा बाप्तिस्मा, दफनभूमीतली जागा, सगळीकडे हाच कागद निघतो.

ऊसतोडीला जाणाऱ्यांचं गणित निराळं. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळी निघते ती मार्च-एप्रिलच्या आत परतत नाही, म्हणजे आगमनकाळ (नाताळाआधीचे आठवडे), नाताळ, बहुतेक उपवासकाळ आणि कधी कधी ईस्टरही कोपीतच, म्हणजे फडावरच्या झोपडीतच. रविवारी खाडा केला तर पैसे कापले जातात. तिथे उपासनेची अपेक्षा धरू नका, खुंटी धरा. मोळ्या बांधून गाडी भरायची वाट बघतानाचा वेळ ही फडातली खुंटी. टोळीत विश्वासातली अजून दोन-तीन कोयती (ऊस तोडणारी जोडपी) असतील तर निघण्याआधीच ठरवा की कुणाच्या कोपीसमोर बसायचं, आणि २५ डिसेंबरला गाडी कितीही उशिरा भरली तरी एक गीत म्हणूनच आडवं व्हायचं. कारखान्याच्या तालुक्यात मंडळी असते का हे आपल्या पाळकांना विचारून त्यांच्याकडून तिथल्या पाळकांचा नंबर घ्या. कळवलं तर नाताळात कुणी ना कुणी फडावर येऊन जातं.

बायबल आणि वही दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत, एकीत एक, तोंडं उलट्या बाजूंना करून गुंडाळा आणि धान्याच्या डब्यात वरच्या बाजूला ठेवा. जमिनीवर ठेवलेल्या पेटीत अवकाळीचं पाणी शिरतं. दाखल्यांची एक झेरॉक्स त्या पिशवीत, दुसरी गावी भावाकडे, आणि मूळ कागद हलवूच नका.